उरकुडे आणि नसलेली गिटार

आमच्या गल्लीतल्या विलास उरकुडेचा गिटारवर इतका जीव आहे की ज्यात गिटार वाजते ते संगीत तो ऐकतच नाही.

हे वाक्य मी चुकून लिहिलेलं नाही. त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही दोनदा विचारून घेतलं होतं. रोज सकाळी आठ वाजता तो घरासमोरच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो, मांडीवर गिटार घेतो आणि बाजूच्या स्टुलावर सीडी प्लेअर चालू करतो. लागतं ते परदेशी जॅझ फ्युजन. त्यात कोणी गात नाही. ड्रम, बेस, कीबोर्ड, सॅक्सोफोन वाजवणारी चार माणसं एकाच घरातून चार वेगळ्या कामांना निघाल्यासारखी सुटतात आणि दहा-बारा मिनिटांनी योगायोगाने एकाच चौकात भेटतात. त्यात गिटार नसावी ही उरकुडेची अट. मांडीवरच्या गिटारलाही तो बोट लावत नाही. डावा हात तिच्या मानेवर अधांतरी, उजवा हात तारांपासून इंचभर लांब, चेहरा असा की आता वाजवतोच. वाजवत नाही. मध्येच एक बोट वर करतो आणि रस्त्याने जो जात असेल त्याला थांबवतो.

"पाहा, इथी गिटार आली असती. नाई आली. किती बरं वाटलं."

रस्त्याने जाणारा बहुतेक वेळा मी असतो. माझं दुकान त्याच्या घरापासून चाळीस पावलांवर, हमरस्त्याला लागून आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण या प्रकरणात नुकसान माझं झालेलं आहे. मी जुन्या सामानाचा व्यापारी. सायकलला पोतं बांधून रिकाम्या बाटल्या गोळा करण्यापासून सुरुवात केली, आज गडचांदूरला दोन शटरचं दुकान आहे. इथे सिमेंटचे कारखाने आहेत म्हणून साहेब लोक आहेत, आणि साहेब लोकांच्या बदल्या होतात. बदली झाली की मॅडमना कपाट जड वाटायला लागतं. त्या वेळी मी तिथे उभा असतो. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही, पण माझा शब्द पक्का आहे. फ्रिज थंड करतो म्हटलं तर करतोच. राग मात्र लवकर येतो. एका गिऱ्हाइकाने पंख्याला नाव ठेवलं म्हणून मी त्याला पंख्यासकट रस्त्यावर काढलं होतं. नंतर पंखा आणायला मलाच त्याच्यामागे पळावं लागलं.

उरकुडेने चुनखडीच्या क्रशरवर तीस वर्षं काढली. दगड भरडणारं ते यंत्र चालवता चालवता तो निवृत्त झाला. जवान असताना कारखान्याच्या कॉलनीतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ती गिटार वाळवीने खाल्ली, संसार वाढला, नवी घ्यायची राहून गेली. पण गिटार नव्हती त्या पंधरा वर्षांतही त्याने उजव्या हाताची नखं वाढवून ठेवली होती. त्यांना तो बायकोचं बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचा. हत्यार नाही, पण धार तयार.

मग एका इंजिनीअर साहेबाची बदली झाली आणि त्याच्या सामानात माझ्याकडे गिटार आली. उरकुडे दुसऱ्याच दिवशी हजर. दुकानासमोरून ट्रक चालले होते. त्याने तारांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "या ट्रकमंधी काय समजते? घरी नेऊन पाहातो."

"घरी नेलेली वस्तू विकलेली वस्तू," मी म्हणालो.

दोन तास आम्ही घासाघीस केली. त्याच्या बाजूने एकच युक्तिवाद होता: "भाऊ, माही नखं पाहा." शेवटी तो भावाला तयार झाला आणि दारात थांबून म्हणाला, "वर काय देता?"

आमच्याकडे सौदा झाल्यावर वर काहीतरी द्यायची रीत आहे. कपाटावर हँगर, कुलरवर स्टँड. मी त्याच साहेबाने फेकून दिलेलं सीड्यांचं खोकं उचलून त्याच्या हातात ठेवलं. दाढीवाल्या माणसांचे फोटो असलेल्या पन्नासेक सीड्या. मला ते कोपऱ्यातून हलवायचंच होतं. जॅझ फ्युजन या गावात आलं ते असं, माझ्या हातून, फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार परत.

"किसनभाऊ, हिचा आवाज मेला हाये."

"मेला म्हंजे?"

"तार बोलतच नाई. लाकडावर बोट आपटल्यावानी टकटक होते. चमक नाई."

मी गिटार घेतली आणि अंगठा फिरवला. स्टीलची भांडी थरथरली. "मंग हे काय होय?"

"हे टकटक होय."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गिटार घेऊन तो शांतपणे घरी गेला आणि तिच्यावर इलाज करायला लागला. आधी तारा बदलल्या, मग पुन्हा बदलल्या. आत सिमेंटची धूळ बसली असेल म्हणून सायकलच्या पंपाने हवा मारली. ओल धरली असेल म्हणून आठ दिवस तांदळाच्या ड्रममध्ये उभी करून ठेवली. त्याची बायको, मंदाबाई, गिटारच्या बाजूबाजूने तांदूळ काढून भात रांधत होती. ती बाई मोठी गुणाची. बोलते इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागतं. उरकुडे वाकत नाही. ती काहीही म्हणाली तरी तो "हो, बरोबर" म्हणतो. गल्लीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देतात. मलाही ते ऐकावं लागलेलं आहे.

शेवटी त्याने जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला घरी बोलावलं. त्या माणसाने गिटारच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, उरकुडेला तार छेडायला सांगितली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "जित्ती हाये. चारापानी करा." उरकुडेला तो विनोद वाटला नाही. त्याने त्याला चहा पाजला आणि विचारलं, "पक्कं?"

त्यानंतर एके दिवशी तो अर्ध्या सीड्या मला परत द्यायला आला. सीडीवर कोण काय वाजवतं ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. उरकुडेचं इंग्रजी यथातथाच, पण गिटारचं स्पेलिंग त्याला चांगलं येतं. ज्या सीडीवर ते स्पेलिंग दिसलं ती त्याने बाजूला काढली होती.

"याच्यात गिटार हाये. ठेवा तुमी."

"गिटारवाला माणूस तुमी, अन् गिटारच्याच सीड्या वापस?"

"गिटार नाई त्याच्यातच खरी मजा हाये, भाऊ." हे त्याचं पालुपद इथून सुरू झालं.

त्या सीड्या माझ्या मेहुण्याने शेतात पाखरं हाकलायला दोरीला बांधल्या. पाखरं आली नाहीत, म्हणजे संगीताची त्यांनाही जाण असावी.

या नव्या पंथाचं तत्त्वज्ञान उरकुडेने मला पुंडलिकच्या चहाच्या टपरीवर समजावलं. "जंगलात वाघ हाये हे कायच्यावरून समजते? वाघ पाहून नाई. वाघ कोनाले दिसते? चितळ मान वर करून उभं राह्यलं, वांदरानं खाकरलं, का समजाचं. तसं हे बाकीचे वाजवते ना, ड्रमवाला, सॅक्सोफोनवाला, हे सारे गिटारले भिऊन राह्यले. आयका नीट."

मी नीट ऐकलं. मला सगळे एकमेकांना भिऊन राहिल्यासारखे वाटले.

"पन त्याच्यात बेस गिटार हाये," मी म्हणालो. धंद्यात मालाची खोट शोधायची सवय असते. "सीडीवर नुसतं 'बेस' लिवलं, म्हनून तुमच्या नजरंतून सुटलं. बेस गिटार ही गिटारच."

उरकुडेने कप खाली ठेवला. "भाऊ, घोरपड अन् पाल एक हाये का?"

"दिसायला सारखीच."

"मंग घोरपड ट्यूबलाइटच्या मांगं लपवून दाखवा."

यावर टपरी दोन सकाळी भांडत होती. पुंडलिकने माझी बाजू घेतली, ट्रकवाल्यांनी त्याची. शेवटी असं ठरलं की बेस ही गिटारची मावसबहीण. घरात येऊ शकते, पण देवघरात नाही.

या पंथाचा कळस कॉलनीतल्या एका साहेबाच्या निरोपसमारंभात झाला. जुना ऑर्केस्ट्रावाला म्हणून उरकुडेलाही मंचावर बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, गिटार गळ्यात अडकवून तो कीबोर्डवाल्याच्या बाजूला उभा राहिला. सात गाणी झाली. प्रत्येक गाण्यात त्याने हात तारांपासून इंचभर लांब ठेवून, मान हलवत, एक सूरही न काढता साथ केली. शेवटी वाकून टाळ्या घेतल्या. साहेबांनी शाल आणि नारळ दिला आणि माईकवर म्हणाले की उरकुडेंची गिटार कुठेही कानाला खुपली नाही. घरी येताना तो मला म्हणाला, "आजवर इतकी अवघड गिटार वाजवली नोती."

इथपर्यंत मला हरकत नव्हती. माणसाला काय वेड लागावं हा त्याचा प्रश्न. पण टपरीवर कोणी विचारलं की बाबा, मांडीवर गिटार असून वाजवत का नाहीस, तर उरकुडे अत्यंत प्रेमाने सांगायचा, "गिटार मेलेली निंगाली. पन किसनभाऊची काई चूक नाई. त्याईले काय मालूम? मी माफ केलं."

मी माफ केलं! बाजारात, चार माणसांत, मला माफ केलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. बदनामी केली असती तर कॉलर धरली असती. पण माफ करणाऱ्याला काय करायचं? बरं, माफीची बातमी बदनामीपेक्षा लवकर पसरते. महिनाभरात गिऱ्हाइकं कपाट उघडून बघायच्या आधी विचारायला लागली, "हे मेलेलं त नाई ना?" एका म्हातारीने पलंगाला कान लावून पाहिला. पंचवीस वर्षं जपलेला शब्द एका न वाजणाऱ्या गिटारपायी जायची वेळ आली. मी ठरवलं, आता निकाल लावायचा, आणि तोही जिथे अब्रू गेली तिथेच, भर बाजारात.

इथल्या शाळेत मडावीबाई नावाच्या संगीताच्या शिक्षिका नव्याने आल्या होत्या. त्या नागपूरला गिटार शिकल्या होत्या. मी त्यांना बाजाराच्या दिवशी दुकानासमोर यायची विनंती केली. पुंडलिकला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. उरकुडेला निरोप पाठवला की गिटार घेऊन या, जे खरं असेल ते होऊन जाऊ दे.

"काऊन उगाच, भाऊ?" तो म्हणाला. "मी माफ केलं ना."

"म्हणूनच या," मी म्हणालो.

तो आला. लुगड्यात गुंडाळलेली गिटार घेऊन मंदाबाई मागे. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. भाजीवाल्या बाया टोपल्यांवर फडकी टाकून आल्या, टपरीवरची सगळी पंचमंडळी आली. मडावीबाई विक्रीच्या सोफ्यावर बसल्या, तारा जुळवल्या. मी कोपऱ्यात उभा होतो. जिंकल्यावर काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी पाठ करून ठेवलं होतं. त्यात उरकुडेलाच माफ करून टाकायचं होतं.

बाईंनी वाजवायला सुरुवात केली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मालातलं कळतं. माल अस्सल होता. रस्त्यावरचा एक टेम्पोवाला इंजिन बंद करून थांबला. पुंडलिकच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

मी उरकुडेकडे पाहिलं. समोरच्या माणसाचा चेहरा वाचण्यावर माझं पोट चालतं. घेणार आहे की नुसता भाव विचारतोय हे मी दारातच ओळखतो. उरकुडे बाईंच्या बोटांकडे बघत होता. मग त्याने पुंडलिककडे पाहिलं, मग भाजीवालीकडे, मग पुन्हा बोटांकडे. लोक हसले की तोही हसायचा, जरासा उशिरा. लोकांनी मान डोलावली की तोही डोलवायचा. जसा परक्या गावच्या पंगतीत माणूस दुसऱ्याचं पाहून आधी काय खायचं ते ठरवतो.

शेवटी बाईंनी सगळ्यात बारीक तार छेडली आणि हात उचलून धरला. तो सूर बारीक होत होत जात होता आणि सगळे त्याच्यामागे कान लावून उभे होते. कोणी हलत नव्हतं.

उरकुडेने टाळ्या वाजवल्या.

मोठ्याने, मनापासून. त्याला वाटलं, संपलं. चार-पाच जणांनी एकदम "शूऽऽ" केलं. त्यांच्या तोंडावरची बोटं बघून त्याचे हात हवेतच थांबले. मग त्याने ते हळूच खिशात घातले. पंधरा वर्षं जपलेल्या नखांसकट.

"बोला उरकुडेभाऊ," पुंडलिक म्हणाला, "मेली का जित्ती?"

लोक हसले. उरकुडे माझ्याकडे बघत होता. मंदाबाई त्याच्या मागे उभी राहून त्याला हळूच काहीतरी म्हणाली पण तो नेहमीसारखं "हो, बरोबर" म्हणाला नाही. तो तिच्याकडे पाठ करून उभा होता.

तेव्हा मला कळलं. मला आलेला राग कुठे ठेवावा ते मात्र कळेना, म्हणून तो मी पुंडलिकवर काढला.

"हसून काय राह्यला बे?" मी ओरडलो. "मेलीच हाये. लाकूड बाद हाये. बाईच्या हातात कला हाये, त्याईले बांबू देला तरी वाजवन. मी फसलो. उरकुडेभाऊ खरं बोलून राह्यले होते."

मडावीबाई म्हणाल्या, "पन भाऊ, गिटार त एकदम…"

"बाई, चहा घ्या," मी म्हणालो.

गर्दी पांगली. कुलर बघायला आलेला एक माणूस कुलरकडे संशयाने बघत निघून गेला. तो अजून परत आलेला नाही. बाजारात किसनभाऊने स्वतःच्या तोंडाने माल खराब असल्याचं कबूल केलं, हे आता पार डोंगरावरच्या जिवती गावापर्यंत माहीत आहे. हे सगळं मी उरकुडेच्या नावावर मनात लिहून ठेवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नसताना तो आला आणि त्याच सोफ्यावर बसला.

"काऊन खोटं बोल्ले?"

मी पाठमोरा होऊन पेटीचं कुलूप बसवत होतो. "व्यापारी हाव. बोलतो."

तो म्हणाला, "भाऊ, इकडं पाहून बोला."

मी वळलो. तेच वाक्य पुन्हा म्हणालो. त्याने माझ्या ओठांकडे बघत मान हलवली.

"कवापासून हाये हे?" मी विचारलं.

"क्रशरवर असतानीच झालं असन. तिथी कोनाले समजते? सारेच बोंबलून बोलते. गिटार घरी नेली तवा वाटलं, गिटारच मेली. मंग तुमच्या सीड्या लावल्या, त त्याच्यातल्याही गिटारी मेलेल्या. इतक्या साऱ्या देशातल्या गिटारी एकसंग कशा मरन? तवा समजलो."

"अन् गिटार नसलेलं?"

"ते मले पुरं ऐकू येते, भाऊ. ढोल, बेस, खालचं सारं येते. गिटार हाये तिथी मले खड्डा दिसते. गिटारच नाई, त खड्डाच नाई."

"मंग माह्या दुकानाचं नाव काऊन खराब केलं?"

"तुमचं दुकान मोठं हाये. सोसते."

मला पुन्हा राग आला. "कानाचं मशीन भेटते. डॉक्टरले दाखवा. घरी सांगा."

"मंदाले नाई सांगाचं." हे तो पहिल्यांदाच जोरात बोलला. "तीस वर्ष झाले, ती माह्याशी आवाज चढवून बोल्ली नाई. आमच्या मायनं किती तरास देला तिले, तरी नाई. हळूच बोलते. आता माह्या कानापायी तिनं 'जेवाले चाला' हे बोंबलून सांगाव? भांडखोर बाईवानी?"

"पन तुमाले तिचं ऐकूच येत नाई."

"समोर असली त तोंड दिसते ना. हळू बोलून राह्यली, हे दिसते."

मी कुलूप खाली ठेवलं. बाहेरून ट्रक गेला. तो गेल्यावर उरकुडेने विचारलं, "काल बाईनं कशी वाजवली?"

"चांगली वाजवली."

"कपाटाले नुसतं चांगलं म्हनता का तुमी? अर्धा घंटा सांगता. तसं सांगा."

मग मी सांगितलं. जाड तार आधी कशी आली, रिकाम्या कोठीत धान ओतल्यासारखी. मधल्या तारा, पितळेच्या हंड्यावर पाण्याची धार पडते तशा. आणि शेवटची, सुईतून दोरा ओढत न्यावा तशी बारीक होत होत गेली.

"तिथीच मी टाळी वाजवली."

"हो."

"त्याच्यानंतर सूर किती होता?"

"काई नोता. संपतच आला होता. तुमचं काई गेलं नाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी माल आहे त्यापेक्षा कमी सांगत होतो. उरकुडे माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने मान हलवली.

"बरोबर नाई," तो म्हणाला. "पुरा सांगा."

मी उठलो, शटर अर्धं खाली ओढलं म्हणजे ट्रकांमुळे मला थांबावं लागणार नाही. मग उजेडात, त्याच्या समोर स्टूल ओढून बसलो आणि सोफ्याचं गिऱ्हाईक आलं तरी उठायचं नाही असं ठरवून त्या शेवटच्या तारेपासून पुढे सांगायला लागलो.